आमच्या १९९१च्या प्लँटची भूकंप-तपासणी : फेब्रुवारी २०२३ ते मे २०२४

मी लोटे परशुरामच्या एका रासायनिक कारखान्यात सिव्हिलचं काम बघते. शिक्षण डिप्लोमा, अनुभव अठरा वर्षांचा, त्यातली निम्मी गळक्या पत्र्यांखाली आणि आम्लाने खाल्लेल्या फरशीवर गेली. ‘परफॉर्मन्स-बेस्ड’ हा शब्द दोन वर्षांपूर्वी मी फक्त कुठल्याशा सेमिनारच्या पत्रिकेत वाचला होता. आता काम संपलंय, फाईल कपाटात गेलीय. विसरायच्या आधी लिहून ठेवते. आमच्यासारख्या जुन्या प्लँटमध्ये हे काम अंगावर पडलेलं कुणीतरी असेलच.

सुरुवात १४ फेब्रुवारी २०२३ला झाली. परदेशी गिऱ्हाईकाचं ऑडिट होतं. त्यांच्या माणसाने प्रोसेस बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर, जिथे आम्ही नवीन आठ हजार लिटरचा आतून काचेचा थर असलेला (ग्लासलाइन्ड) रिअ‍ॅक्टर बसवणार होतो, तिथे उभं राहून विचारलं, ‘‘भूकंप झाला तर ही इमारत काय करेल?’’ आमच्या साहेबांनी स्टॅबिलिटी सर्टिफिकेट दाखवलं. तो म्हणाला, हे आज उभी आहे म्हणून सांगतं, मी उद्याचं विचारतोय. ऑडिटच्या शेऱ्यात तो मुद्दा ‘मेजर’ म्हणून आला आणि नव्वद दिवसांत कृती-आराखडा मागितला गेला.

प्रश्न रास्त होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. कोयनानगर आमच्यापासून कुंभार्ली घाटापलीकडे. ११ डिसेंबर १९६७ची ती पहाट आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते, आणि बारीकसारीक हादरे आजही बसतात. आम्ही काम केलं तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात हा पट्टा झोन चारमध्ये येत होता. इमारत १९९१ची, म्हणजे भूकंपाचं बळ ठरवणाऱ्या भारतीय मानकाच्या, आयएस १८९३च्या, १९८४च्या आवृत्तीवर बेतलेली. काँक्रीट इमारतीत सळया आणि रिंगा (उभ्या सळयांना वेढणारी कडी) कशा असाव्यात हे सांगणारं आयएस १३९२० आलं १९९३ला. आमची इमारत त्याच्या दोन वर्षं आधीच उभी राहिली होती.

मार्चमध्ये तीन कोटेशन मागवली. एक आलं नव्वद हजारांचं, त्यात ‘एनडीटी आणि सर्टिफिकेट, आठ दिवसांत’. (एनडीटी म्हणजे काँक्रीट न फोडता केलेल्या चाचण्या.) साहेबांना ते अर्थातच आवडलं. दुसरं साडेनऊ लाखांचं. तिसरं पुण्याच्या एका छोट्या कन्सल्टन्सीचं, पाच लाख ऐंशी हजार अधिक जीएसटी, चाचण्या वेगळ्या. ती चालवणाऱ्या सरांनी कोटेशनसोबत पाच पानांची प्रश्नावली जोडली होती. ‘इमारतीत कुठली रसायनं? वीज गेल्यावर काय चालू राहिलंच पाहिजे? रात्रपाळीत किती माणसं?’ आकडा बघून नाही, ती प्रश्नावली बघून मी त्यांच्या बाजूने टिपण लिहिलं. १७ एप्रिलला ऑर्डर निघाली. कोटेशन मागवाल तेव्हा तुम्हाला कोण काय विचारतंय ते बघा. नव्वद हजारवाल्याने एकही प्रश्न विचारला नव्हता.

पहिल्याच बैठकीत सरांनी मला समजावलेलं इथे माझ्या भाषेत सांगते. नेहमीच्या डिझाइनमध्ये भूकंपाचं पूर्ण बळ धरत नाहीत. ते ‘आर’ नावाच्या आकड्याने भागतात. साध्या काँक्रीट फ्रेमला ३, नीट डक्टाइल डिटेलिंग (न तुटता वाकेल अशी सळयांची मांडणी) केलेल्या फ्रेमला ५. भरवसा असा, की इमारत वाकेल, तडे जातील, पण मोडून पडणार नाही. आता ज्या इमारतीत रिंगा कशा आहेत हेच माहीत नाही तिथे हा भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? म्हणून दुसरी वाट, तीच ‘परफॉर्मन्स-बेस्ड’. आधी ठरवायचं की कुठल्या भूकंपात इमारतीने काय करून दाखवायला हवं. मग कंप्युटरमध्ये तिचं मॉडेल करून तिला कडेने हळूहळू ढकलत न्यायचं आणि कुठला सांधा कधी वाकतो, कुठला तुटतो ते टिपायचं. याला पुशओव्हर म्हणतात. निकष बहुतेक अमेरिकन एएससीई ४१चे वापरतात, आपल्याकडे जुन्या काँक्रीट इमारतींच्या तपासणीसाठी आयएस १५९८८ आहे. सरांनी दोन्ही समोर ठेवली होती.

आयएस १५९८८मध्ये एक सवलत आहे. इमारतीचं आयुष्य थोडंच उरलं असेल तर भूकंपाचं बळ कमी धरता येतं, ०.७ पटीपर्यंत. आमच्या अकाउंट्सने ही ओळ कुठून तरी शोधून काढली आणि मेल केला. सरांचं उत्तर एका ओळीचं होतं : ‘‘तुम्ही नवीन रिअ‍ॅक्टर पुढची किती वर्षं चालवणार आहात?’’ विषय संपला.

यानंतर सुरू झाला जुन्या नकाशांचा शोध. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त कुणी दमवलं असेल तर त्याने. जुन्या इमारतीची कागदपत्रं नसतील तर तिच्या ताकदीचा आकडा ‘माहिती किती’ या गुणकाने कमी धरावा लागतो. थोडक्यात, कागद हरवल्याचा दंड काँक्रीटने भरायचा. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये आर्किटेक्चरल नकाशे मिळाले, आरसीसीचे, म्हणजे सळया-काँक्रीटचे, नाहीत. ज्यांनी डिझाइन केलं ते इंजिनिअर हयात नाहीत. त्यांचं चिपळूण बाजारपेठेतलं ऑफिस त्यांचा मुलगा बघतो. तो म्हणाला, ‘‘ताई, २२ जुलै २०२१ला छातीभर पाणी होतं इथे. चिखलातून जे काढलं ते समोर आहे.’’ समोर एक लोखंडी ट्रंक होती. दोन शनिवार मी त्या ट्रंकेसमोर बसून काढले. ट्रेसिंगचे कागद एकमेकांना चिकटून पापडासारखे झालेले. शेवटी आमच्या इमारतीचे दोन कागद निघाले : फुटिंगचा लेआउट आणि कॉलमचं शेड्यूल, तेही अर्धं. त्यात रिंगा वाचता आल्या, ‘सहा मिमी, २००’, म्हणजे सहा मिमी जाडीच्या, दर २०० मिमीवर. त्या दिवशी मी त्या मुलाला चहा नाही, जेवण दिलं.

मंजुरीच्या सरकारी फाईलमधल्या नकाशांची प्रत मिळावी म्हणूनही अर्ज केला. त्याला सात आठवडे लागले, आणि आले ते आर्किटेक्चरलच. तरी अर्ज करा. ‘आम्ही शोधलं होतं’ याचा तो पुरावा पुढे रिपोर्टमध्ये लावता येतो.

चाचण्या मे महिन्यात घ्यायचं ठरलं, पावसाच्या आधी. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, सळया शोधायचं यंत्र, हाफ-सेल (सळईचा गंज ओळखणारी चाचणी) आणि बारा कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले गोल नमुने). एकूण तीन लाख चाळीस हजार. पहिले चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी कोअर कापायचं मशीन आलं आणि सेफ्टी ऑफिसरने परमिटवर सही करायला नकार दिला. कोअर कापताना ब्लेडवर सतत पाणी सोडावं लागतं, आणि आम्हाला हवे होते त्यातले पाच कॉलम थायोनिल क्लोराइडच्या डे-टँकच्या (रोजच्या वापरापुरत्या टाकीच्या) बाजूला. त्याला पाणी लागलं की सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइडचे लोट निघतात. तीन महिने आराखडे आखताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सिव्हिलवाल्याला पाणी म्हणजे क्युरिंग, दुसरं काय! टँक रिकामा करून, लाइन नायट्रोजनने साफ करून, परत परमिट मिळेपर्यंत अकरा दिवस गेले. एजन्सीने थांबल्याचे छत्तीस हजार लावले, ते मी मुकाट्याने मंजूर केले. रासायनिक प्लँट असेल तर चाचण्यांची यादी सेफ्टीला ऑर्डर देण्याआधी दाखवा.

कोअरचे निकाल बरे आले. काँक्रीट एम २० प्रतीचं धरलं होतं. आयएस ४५६प्रमाणे कोअरची सरासरी धरलेल्या ताकदीच्या ८५ टक्क्यांवर हवी आणि एकही ७५च्या खाली नको. आम्ही दोन्हींत बसलो. पण कोअरवर फिनॉल्फ्थॅलिन मारल्यावर जे दिसलं ते चांगलं नव्हतं. चांगलं काँक्रीट त्याने गुलाबी होतं. पश्चिमेच्या कॉलमचा कोअर मधोमध गडद गुलाबी आणि बाहेरची जवळपास तीस मिमी कोरडी राखाडी, म्हणजे सळईला जपणारं कव्हर, तिच्यावरचा काँक्रीटचा थर, संपलेलं. समुद्राकडून येणारा पाऊस त्याच बाजूवर झोडपतो.

मग एका कॉलमचं कव्हर फोडून रिंगा उघड्या केल्या. यंत्राने सांगितलं होतं अंतर २००. प्रत्यक्षात २१०, २३०, एका ठिकाणी २६०. आणि रिंगेचं टोक नव्वद अंशात वळवून बाहेरच्या कव्हरमध्ये सोडलेलं. आज आपण ते १३५ अंशात आत, कॉलमच्या पोटात वळवतो. कव्हर उडालं की नव्वदवाली रिंग उघडते आणि सळई बाहेर फुगते. मी स्वतः उमेदवारीच्या काळात अशा शेकडो रिंगा पास केल्या आहेत. सर काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त मोबाइलवर फोटो काढला आणि बाजूला माझी स्टीलची पट्टी धरायला सांगितलं.

१९ जुलैची बैठक. माझ्या मते सगळ्या कामाचा कणा हीच, आणि सगळ्यांना तीच फुकटची वाटत होती. मुसळधार पाऊस, ट्रेनिंग हॉलमध्ये प्रॉडक्शन, मेंटेनन्स, सेफ्टी, अकाउंट्स, आणि शिफ्टचे सर्वांत जुने ऑपरेटर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. सरांनी फळ्यावर एक कोरा तक्ता काढला. आडवे दोन भूकंप : झोन चारचा आकडा ०.२४ (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत), तो मोठा भूकंप. त्याच्या निम्मा, ०.१२, हा डिझाइनचा. उभ्या आमच्या इमारती. प्रत्येक चौकोनात लिहायचं : लगेच वापरता यावी, माणसं जिवंत बाहेर यावीत, की फक्त कोसळू नये.

प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, सगळीकडे ‘लगेच वापरता यावी’ लिहा. सरांनी शांतपणे विचारलं, ‘‘कँटीनलाही? मग त्या हिशेबाने इस्टिमेट देतो.’’ अकाउंट्सवाले खुर्चीत सावरून बसले. मग खरी चर्चा सुरू झाली. गोदाम पडलं नाही म्हणजे झालं. ऑफिसात माणसं वाचली पाहिजेत. प्रोसेस बिल्डिंगला छोट्या भूकंपात लगेच वापर, मोठ्या भूकंपात जीवितरक्षण. इथे काका पहिल्यांदा बोलले. ‘‘साहेब, बिल्डिंग राहिली नि स्क्रबर बंद पडला तर माणसं बिल्डिंगीतच मरतील की.’’

हॉल शांत झाला. गॅस धुणारा स्क्रबर, त्याचा कॉस्टिकचा पंप, आणि वीज गेल्यावर तो चालवणारा जनरेटर, हे आमच्या तक्त्यात कुठेच नव्हतं. तक्ता इमारतींचा होता ना! सरांनी खडू उचलला आणि सर्वांत वर नवीन ओळ घातली : स्क्रबर, फायर पंप, जनरेटर. दोन्ही भूकंपांत चालू. नंतर त्यांनी तुर्कस्तानातल्या इझमितच्या रिफायनरीचं उदाहरण दिलं. १७ ऑगस्ट १९९९च्या भूकंपात तिथली काँक्रीटची उंच चिमणी हीटरवर कोसळली, आग लागली, नाफ्त्याच्या टाक्या कित्येक दिवस जळत होत्या. एका गोष्टीचं पडणं दुसरीवर कसं बेततं, ते नकाशावर इमारती वेगवेगळ्या काढल्या की दिसत नाही.

दुपारी पाऊस थांबल्यावर सगळे जनरेटर रूममध्ये गेलो. काका जनरेटरच्या बॅटरीपाशी थांबले. अँगलचं उंच स्टँड, वर दोन बॅटऱ्या, खाली पायांना बोल्टची भोकं आहेत पण बोल्ट नाहीत. त्यांनी एका बोटाने स्टँड ढकललं. ते डुललं. ‘‘ही पडली की स्टार्टर गेला, जनरेटर गेला, पंप गेला.’’ दुसऱ्याच दिवशी फिटरने चार अँकर बोल्ट आणि बॅटऱ्यांना पट्टी मारली. खर्च एक हजार आठशे. त्या फेरीत अशा त्रेचाळीस गोष्टींची यादी झाली : न बांधलेली कंट्रोल पॅनेलं, साखळीशिवाय उभे सिलिंडर, दोन इमारतींमधून ताठ गेलेले पाइप. अशा फेरीला ज्येष्ठ ऑपरेटर न्याच. इंजिनिअरला वजन दिसतं, काय कशामुळे बंद पडेल ते ऑपरेटरला दिसतं.

पुशओव्हरचा पहिला रिझल्ट सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. स्क्रीनवर इमारत कडेला सरकत जाते आणि सांध्यांवर ठिपके उमटतात, रंग बदलत जातात. पूर्व-पश्चिम दिशेने ती ठीकठाक निघाली. उत्तर-दक्षिण ढकलली तर पश्चिमेच्या ओळीतले सहा कॉलम वाकायच्या आधीच कातरून तुटत होते, आणि इमारत किती बळ पेलते ते दाखवणारी वक्ररेषा कड्यासारखी खाली.

कारण काय, तर चिऱ्याची भिंत! पश्चिमेला कॉलमांच्या मध्ये चार फुटांपर्यंत चिऱ्याचं घट्ट बांधकाम, वर हवेसाठी सलग लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची जाळी), आणि त्यांच्या डोक्यावर पाइपांसाठी नंतर टाकलेला बीम. मोकळा कॉलम उरतो जेमतेम निम्मा. उंची निम्मी झाली की कॉलम आठपट ताठ होतो आणि तेवढंच जास्त बळ स्वतःकडे ओढतो. याला आखूड कॉलम म्हणतात. भिंत १९९१च्या नकाशात नव्हती. ती नंतर कुणीतरी पाऊस अडवायला बांधली. कुणी ते मला माहीत आहे, कारण २००९च्या मेजरमेंट बुकात सही माझी आहे.

उपाय मात्र स्वस्त. भिंत आणि कॉलम यांच्यामध्ये कटरने फट पाडायची, ती लवचीक फिलरने भरायची, आणि भिंत बाहेर कोसळू नये म्हणून तिला अँगलचा आधार द्यायचा. वरचा बीमही कॉलमांपासून सोडवून स्वतंत्र स्टीलच्या खांबांवर घ्यायचा. एवढ्याने त्या ओळीचं अर्धं दुखणं गेलं. उरलेल्यासाठी नऊ कॉलमांना जॅकेट (भोवती नव्या काँक्रीटचं कवच) आणि दोन गाळ्यांत स्टीलचे तिरपे ब्रेस. सुरुवातीला साध्या कोड-चेकवर एकतीस कॉलम नापास होते आणि सगळ्यांना जॅकेट मारायचं इस्टिमेट एक कोटी दहा लाख होतं. हे अडतीस लाखांवर आलं. पण दर वेळी आकडा खालीच येतो असं समजू नका. फायर पंप हाऊसचं उलट झालं. कोडला पास होतं, पण ‘चालू राहिलं पाहिजे’ म्हटल्यावर त्याला दोन लाख लागले.

ऑक्टोबर-नोव्हेंबर त्रयस्थ तपासणीत गेले. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापकांनी मॉडेल पाहिलं, फी सव्वा लाख. त्यांनी एकोणीस शंका काढल्या. त्यातली एक आमच्या सरांनाही मान्य झाली, पायथ्याचा सांधा पूर्ण पक्का धरला होता, जांभ्याखालच्या मऊ मातीचा विचार करून तो थोडा सैल धरायला हवा होता. पुन्हा मॉडेल चाललं, एक जॅकेट वाढलं. नऊचे दहा.

डिसेंबरमध्ये मंजुरीसाठी फाईल ऑनलाइन चढवली. तीन आठवड्यांनी शेरा आला : ‘सदर विश्लेषण कोणत्या तरतुदीनुसार केले आहे, खुलासा करावा.’ मी तीन पानी खुलासा लिहिला, परत शेरा, ‘विहित नमुन्यात प्रमाणपत्र जोडावे.’ चूक आमचीही होती. पुशओव्हरचा दीडशे पानी रिपोर्ट आम्ही मुख्य कागद म्हणून लावला होता. तपासणाऱ्याला हवी असते चौकट : नवीन बांधकाम आयएस १८९३ आणि आयएस १३९२०प्रमाणे, विहित नमुन्यातलं स्टॅबिलिटी सर्टिफिकेट, स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही-शिक्का. ते पुढे ठेवलं, मोठा रिपोर्ट परिशिष्ट केला, वर दोन पानी मराठी सारांश लावला. १६ फेब्रुवारी २०२४ला मंजुरी आली.

शटडाऊन ११ मार्चपासून सव्वीस दिवसांचा ठरला होता, लागले चौतीस. पहिला आठवडा परमिटमध्येच. ड्रिलची ठिणगीही हॉट वर्क (आगीचा धोका असलेलं काम), दर शिफ्टला गॅस मीटर लावून नवं परमिट. मग केमिकल अँकरांची (भोकात गम भरून पक्क्या केलेल्या बोल्टांची) ओढ-चाचणी घेतली तर बारातले चार सुटून आले. ठेकेदार म्हणाला माल खराब. भोकात बोट घातलं तर धूळ. भोक फुंकायचं, ब्रश मारायचा, परत फुंकायचं, हे पाकिटावर लिहिलेलं असतं. मुलांनी तोंडाने एकदा फुंकून गम भरला होता. त्या गाळ्यातले सगळे अँकर नव्याने करायला लावले. पाच दिवस गेले, ठेकेदाराशी बोलणं तुटायची वेळ आली. यानंतर मी कंप्रेसर आणि ब्रश स्वतःच्या ताब्यात ठेवला आणि प्रत्येक भोकाला खडूने टिक केल्याशिवाय गम भरू दिला नाही. साहेबांचा रोज संध्याकाळी एकच फोन यायचा, ‘‘मॅडम, किती राहिलं?’’ रात्री झोपेत मी भोकं मोजायचे.

जॅकेटचं सेंट्रिंग ६ एप्रिलला लागलं. कॉलमभोवती शंभर मिमीची पोकळी, त्यात नवीन सळया आणि या वेळी १३५ अंशांत वळवलेल्या रिंगा. मायक्रोकाँक्रीट भरताना मी आणि सर दोघंही फळ्यांवर हातोडी ठोकत आवाज ऐकत होतो. १४ एप्रिलला प्लँट सुरू झाला. नवीन रिअ‍ॅक्टर, भरल्यावर साधारण वीस टन, २३ मेला पहिल्यांदा पाण्याने भरला. मी खाली, रिअ‍ॅक्टर पेलणाऱ्या बीमखाली डायल गेज (बीम किती वाकतो ते मोजणारं यंत्र) लावून बसले होते. काटा हिशेबात होता तेवढाच हलला.

आता नकाशांचे तीन संच आहेत : एक पुण्याला, एक सर्व्हरवर, एक ऑफिसच्या वरच्या मजल्यावर पत्र्याच्या पेटीत, पेटी भिंतीला बोल्टने पक्की. त्रेचाळीसपैकी अडतीस गोष्टी झाल्या. दोन इमारतींमधल्या पाइपांचे बेलोज (लवचीक जोड) यायला अजून वेळ आहे. एकतिसाव्या क्रमांकावर कँटीनवरची पाण्याची टाकी आहे, चिऱ्याच्या चार खांबांवर उभी. ती पुढच्या बजेटमध्ये घातलीय. काका रोज तिच्याखालच्या बाकावर बसून डबा खायचे, ते आता बाक ओढून आंब्याखाली घेऊन गेलेत.